पोट भरलेलं, रक्त उपाशी

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी ४४१ मध्यमवयीन, धडधाकट पुरुषांचं रक्त तपासलं होतं. २००६ साली त्याचे निष्कर्ष छापून आले. या पुरुषांपैकी साधारण एक तृतीयांश खेड्यातले, एक तृतीयांश झोपडपट्टीतले आणि उरलेले शहरी मध्यमवर्गीय होते. शोध होता बी-१२ या जीवनसत्त्वाचा. सगळ्यात जास्त कमतरता कोणाच्या रक्तात निघाली असेल?

मध्यमवर्गीयांच्या. एकूण ६७ टक्के पुरुषांमध्ये बी-१२ कमी होतं, पण शहरी मध्यमवर्गात हेच प्रमाण ८१ टक्के होतं. म्हणजे ज्यांच्या घरात दोन्ही वेळा ताट वाढलं जातं, सणावाराला पुरण शिजतं आणि डब्यात पोळी-भाजी जाते, तेच मागे पडले. कारण फार गूढ नाही. बी-१२ कुठलीही वनस्पती बनवत नाही. ते सूक्ष्म जंतू बनवतात आणि आपल्यापर्यंत येतं ते दूध, अंडी, मासे, मटण यांतून. शाकाहारी घरात दूध हा जवळजवळ एकच रस्ता उरतो, आणि आपल्याकडे ‘दूध घेतो’ याचा अर्थ पुष्कळदा ‘चहात घालतो’ एवढाच असतो.

सूक्ष्म पोषक घटकांच्या कमतरतेबद्दल बोलायला मला ही पाहणी बरी वाटते, कारण ती पहिल्याच फटक्यात एक गैरसमज मोडते. कुपोषण म्हटलं की मेळघाटातलं हातापायांच्या काड्या झालेलं मूल डोळ्यांसमोर येतं. ते खरंच आहे. पण त्याच्या शेजारी दुसरं एक कुपोषण आहे, जे वजनकाट्यावर दिसत नाही. त्याला ‘छुपी भूक’ म्हणतात. ती गरिबाच्या घरी जास्त मुक्काम करते हे खरं, पण श्रीमंताच्या दारावरून परत फिरत नाही.

‘सूक्ष्म’ म्हणजे किती सूक्ष्म? मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं. सत्तर वर्षांचं आयुष्य धरून हिशेब केला, तरी एकूण बेरीज चार ग्रॅमच्या आत राहते. बी-१२ तर दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅम पुरतं. एवढ्याशा गोष्टीने काय बिघडतं, असं वाटत असेल तर विरजण आठवा. लिटरभर दुधाला चमचाभर विरजण लागतं, आणि ते नसेल तर दूध कितीही चांगलं असलं तरी त्याचं दही होत नाही. पोळी, भात, डाळ, तेल हे आपल्या शरीराचं दूध आहे. लोह, जस्त, आयोडीन, फोलेट (हेही बी गटातलंच एक जीवनसत्त्व), अ आणि बी-१२ जीवनसत्त्व ही विरजणं आहेत. ती नसली की अन्न असतं, पण त्याचं रक्त, मज्जातंतू, हाडं, बुद्धी यांत नीट रूपांतर होत नाही.

आता लोहाकडे वळू, कारण आपल्याकडचा सगळ्यात मोठा घोळ तिथे आहे.

हिमोग्लोबिन बनवायला लोह लागतं आणि हिमोग्लोबिन फुप्फुसातला प्राणवायू अंगभर पोचवतं, एवढं शाळेत शिकलेलं असतं. शाळेत सहसा सांगत नाहीत ते असं की, लोह कमी पडायला लागलं म्हणून हिमोग्लोबिन लगेच उतरत नाही. शरीर काटकसरी गृहिणीसारखं वागतं. आधी ठेव मोडतं, म्हणजे फेरिटिनच्या रूपात साठवलेलं लोह वापरतं. मग इतर पेशींच्या वाट्याला कात्री लावतं. हे सगळं संपल्यावर हिमोग्लोबिन खाली येतं. म्हणून ‘माझं एचबी बारा आहे, म्हणजे सगळं ठीक’ असं म्हणणाऱ्या बाईची तिजोरी रिकामी असू शकते.

लक्षणंही अशी की कोणी डॉक्टरकडे जाऊ नये. जिना चढताना दम लागतो, केस गळतात, चिडचिड होते, दुपारी अंग गळून जातं. आणि एक विचित्र लक्षण, ज्याची आपल्याकडे थट्टा होते: माती, खडू, कच्चे तांदूळ, पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटणं. गरोदर बाईने भाजलेली माती मागितली तर लोक ‘डोहाळे’ म्हणून हसून सोडून देतात. बाजारात ती विकतही मिळते. पुष्कळदा ही लोह कमी असल्याची खूण असते. अशा वेळी मातीची पुडी आणून देण्याआधी रक्त तपासून घ्यावं.

किती जणींना हा त्रास असेल? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ मध्ये झाली. त्यात १५ ते ४९ वयाच्या महाराष्ट्रातल्या ५४.२ टक्के स्त्रियांना आणि पाच वर्षांखालच्या ६८.९ टक्के मुलांना ॲनिमिया, म्हणजे रक्तात हिमोग्लोबिन कमी असणं, आढळला. चौथ्या फेरीत, २०१५-१६ मध्ये, हेच आकडे ४८ आणि ५३.८ टक्के होते. म्हणजे गोळ्या, योजना, फलक सगळं चालू असताना आकडा वर गेला.

इथे थोडं थांबायला हवं, कारण आकड्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवणं बरं नाही. या सर्वेक्षणात बोटाला सुई टोचून थेंब घेतात. बोट दाबलं की रक्तात पेशींच्या मधल्या जागेतलं पाणीही मिसळतं आणि मोजमाप इकडेतिकडे होतं. २०१६ ते २०१८ मध्ये झालेल्या राष्ट्रीय व्यापक पोषण सर्वेक्षणात दंडाच्या शिरेतून रक्त घेतलं, तेव्हा देशातल्या एक ते चार वर्षांच्या मुलांमध्ये ॲनिमिया निघाला ४१ टक्के. वयोगट आणि वर्षं वेगळी आहेत, तरी फरक मोठा आहे. पण समजा हा कमी आकडाच खरा धरला. पाचांतली दोन मुलं! याला दिलासा कोण म्हणेल?

मला या आकड्यांपेक्षा जास्त खटकतं ते त्यांच्यामुळे होणारं आणखी काही. एखाद्या गावात निम्म्या बायका थकलेल्या असतील, तर थकवा हा आजार राहत नाही, ती बायकांची जात ठरते. ‘बाईमाणसाला एवढं चालायचंच’ हे वाक्य अशा गावात जन्माला येतं. आजार अंगावर काढणं ही मग सहनशीलता मानली जाते. वर्गातली निम्मी पोरं तिसऱ्या तासाला पेंगत असतील, तर मास्तर त्यांना आळशी म्हणतात, कारण न पेंगणारा वर्ग त्यांनी पाहिलेलाच नसतो. आणि बाळंतपणात रक्तस्राव झाला, तर धडधाकट बाई जे सोसू शकते, ते आधीच रक्त कमी असलेली सोसू शकत नाही. कागदावर मृत्यूचं कारण रक्तस्राव असं लागतं. मागची दहा वर्षं त्या रकान्यात मावत नाहीत.

बरं, लोह जातं कुठे? आपण भाजी खात नाही असं थोडंच आहे. मेथी, माठ, चवळई, अंबाडी, शेपू, शिवाय बाळंतिणीला अळिवाचे लाडू. अडचण अशी की, वनस्पतींतल्या लोहातलं शंभरातले पाच-दहा भागच आतडं उचलतं. मटण-माशांतलं बरंच जास्त उचललं जातं. त्यात धान्य-कडधान्यांतलं फायटेट आणि चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतात. जेवणावर लगेच चहा हा तर आपल्याकडे पाहुणचार मानला जातो. उलट क जीवनसत्त्व तेच लोह सोडवून देतं. पोह्यांवर लिंबू पिळणं, मटकीला मोड आणणं, जेवणात आवळा किंवा पेरू असणं हे सगळं लोहाच्या बाजूचं आहे. आमच्या आजीला फायटेट हा शब्द माहीत नव्हता, पण मोड आल्याशिवाय ती उसळ करायची नाही. चहा मात्र जेवणानंतर लगेच घ्यायची, तेव्हा आजीचं सगळंच शास्त्रीय होतं असं म्हणायचं धाडस मी करत नाही.

शिवाय ॲनिमिया म्हणजे लोहच कमी, हे समीकरणही लंगडं आहे. शिरेतल्या रक्तावरच्या त्याच सर्वेक्षणाचं पुढे विश्लेषण झालं. ॲनिमिया असलेल्या एक ते चार वर्षांच्या मुलांपैकी ३६.५ टक्के मुलांमध्ये लोहाची कमतरता हे कारण सापडलं आणि १८.९ टक्क्यांमध्ये फोलेट किंवा बी-१२ ची कमतरता. बाकीच्यांमध्ये वारंवार होणारे संसर्ग, जंत, रक्ताचे आनुवंशिक आजार अशी सरमिसळ असते. नंदुरबार, गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांतल्या आदिवासी समाजांत सिकलसेल हा तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार आहे. तिथे कमी हिमोग्लोबिन दिसलं म्हणून डोळे झाकून लोहाच्या गोळ्या वाढवणं हा उपाय नव्हे. अनवाणी फिरणाऱ्या पायांतून अंकुशकृमी शिरला, तर तो आतड्याला चिकटून रोज थोडं थोडं रक्त पितो. वर्षातून दोनदा शाळेत जंताची गोळी देतात ती यासाठी. आपण ती चघळून विसरून गेलेलो असतो.

जस्त, अ जीवनसत्त्व, ड जीवनसत्त्व यांचीही अशीच एकेक कहाणी आहे, पण ती थोडक्यात आटोपतो. जस्त कमी असलेल्या मुलाला जुलाब पुन्हा पुन्हा होतात, म्हणून ओआरएसबरोबर चौदा दिवस जस्ताची गोळी देतात. अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने पूर्वी मुलांना रातांधळेपणा यायचा आणि काहींचे डोळे कायमचे जायचे. १९७० पासून दर सहा महिन्यांनी त्याचे डोस पाजायला सुरुवात झाली आणि आता तसं आंधळेपण क्वचितच दिसतं. ड जीवनसत्त्वाचं म्हणाल तर उन्हाच्या देशात आपण सावली शोधत जगतो.

आता पुन्हा पुण्याकडे. याज्ञिकांच्याच गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांमध्ये स्त्रियांचा मागोवा घेतला. शेतात राबणाऱ्या, बारीक अंगाच्या बायका. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची निघाली. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं ३.५ किलोची. इथवर अपेक्षितच होतं. पण पुण्याची बाळं नीट मोजली तर स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, आणि चरबी मात्र जवळजवळ शाबूत. बाहेरून हडकुळं, आतून चरबीदार. हाच साचा घेऊन ते मूल मोठं होतं, शहरात येतं, बैठं काम करतं आणि चाळिशीच्या आत साखर वाढल्याचं कळतं. याज्ञिकांनी स्वतःवरच याचं गमतीदार उदाहरण दिलं होतं. त्यांचा आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, अगदी एकसारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र त्या सहकाऱ्याची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के.

त्या सहा गावांत आणखी एक गोष्ट दिसली. बाळाच्या आकाराचा संबंध आईने किती उष्मांक किंवा किती प्रथिनं खाल्ली याच्याशी फारसा लागला नाही. लागला तो पालेभाजी, फळं आणि दूध किती वेळा खाल्लं याच्याशी. आणि गरोदरपणात जवळजवळ दोन तृतीयांश आयांचं बी-१२ कमी होतं. त्यांतही ज्यांचं बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची, म्हणजे मधुमेहाकडे नेणारी, प्रवृत्ती सर्वाधिक आढळली. फोलिक ॲसिड, म्हणजे फोलेटचंच एक रूप, आपण गोळीतून देतो, बी-१२ देत नाही. बैलगाडीच्या एका चाकाला वंगण घातलं आणि दुसरं कोरडं ठेवलं, तर गाडी कुठे वळेल? फोलिक ॲसिड बंद करा असा याचा अर्थ मुळीच नाही, दुसऱ्या चाकाकडेही पाहा एवढाच आहे.

यावर कोणी म्हणेल, मग गोळ्यांऐवजी खाऊच द्या. मुंबईत नेमकं तेच करून पाहिलं गेलं. २००६ ते २०१२ या काळात झोपडपट्ट्यांमधल्या साडेसहा हजार स्त्रियांना दिवसाला एक खाऊ दिला, समोसा किंवा भजी-कटलेटच्या धाटणीचा. एका गटाच्या खाऊत पालेभाज्या, फळं, दुधाची भुकटी. दुसऱ्या गटाच्या खाऊत बटाटा, कांदा वगैरे. हे गरोदर राहण्याच्या आधीपासून सुरू होतं, हे महत्त्वाचं. पहिल्या गटात गरोदरपणातला मधुमेह ७.३ टक्के स्त्रियांना झाला, दुसऱ्या गटात १२.४ टक्के. बाळांचं वजन सरसकट वाढलं नाही. ज्यांनी दिवस राहण्याच्या तीन महिने आधीपासून खाऊ खाल्ला, त्यांच्या बाळांचं मात्र सरासरी ४८ ग्रॅमने वाढलं.

तीन महिने आधी. ही अट मला सगळ्या प्रकरणाची किल्ली वाटते. गर्भाच्या पाठीचा कणा आणि मेंदू ज्या नळीतून तयार होतात ती गर्भधारणेनंतर चार आठवड्यांत मिटते. तेव्हा पाळी चुकल्याचं जेमतेम लक्षात आलेलं असतं. फोलेट कमी असेल तर दोष राहण्याचा धोका तेव्हाच वाढतो. आपली यंत्रणा जागी होते ती नंतर. आशाताई नाव नोंदवते, नर्सबाई वजन घेते आणि लोहाची लाल गोळी चौथ्या महिन्यात सुरू होते. गोळी वाईट नाही, ती घ्यायलाच हवी. पण ती पोचते तोवर घराचा पाया भरून झालेला असतो. म्हणून शाळेतल्या मुलींना आठवड्यातून एकदा मिळणाऱ्या निळ्या गोळीला मी जास्त मोल देतो. तिच्याने मळमळतं, शी काळी होते, मग एखादी अफवा उठते आणि मुली ती दप्तरात टाकून घरी नेतात. रिकाम्या पोटी देऊ नका, शी काळी होणं साहजिक आहे, एवढं आधी सांगितलं तरी निम्मं भय जातं.

एका घटकाच्या बाबतीत आपण खरंच जिंकलो, तो म्हणजे आयोडीन. हिमालयाच्या पायथ्याशी, कांगडा खोऱ्यात, गळ्याला गाठी आलेली माणसं गावोगाव असायची. १९५६ मध्ये डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या काही भागांत आयोडीनयुक्त मीठ दिलं आणि एका भागात साधंच. काही वर्षांत आयोडीनवाल्या भागांत गाठींचं प्रमाण स्पष्ट घटलं. १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. मध्ये २००० साली साध्या मिठाच्या विक्रीवरची बंदी केंद्राने उठवली, २००६ मध्ये ती पुन्हा आली. आज देशातल्या सुमारे ९४ टक्के घरांत आयोडीनचं मीठ आहे. हे साधलं, कारण कोणाला काही लक्षात ठेवावं लागलं नाही. मीठ प्रत्येकाच्या भाजीत पडतंच. (आरोग्यदायी म्हणून सैंधव किंवा गुलाबी मिठाकडे वळलेल्यांनी पाकीट जरूर वाचावं, त्यात आयोडीन असेलच असं नाही.)

रेशनच्या तांदळात पोषक दाणे मिसळण्यामागे हाच विचार आहे. तांदळाच्या पिठात लोह, फोलिक ॲसिड आणि बी-१२ मळून तांदळाच्याच आकाराचे दाणे पाडतात आणि शंभर दाण्यांत असा एक मिसळतात. तो थोडा वेगळा दिसतो, पाण्यावर तरंगतो, म्हणून ‘प्लास्टिकचा तांदूळ’ अशी हाकाटी झाली. वेगळा दाणा दिसला की निवडून टाकायचा, ही आपल्याकडची पिढ्यान् पिढ्यांची शिस्त, तिला दोष कसा द्यावा? पण बी-१२ पुरता हिशेब मांडून पाहा. नियमाप्रमाणे किलोमागे साधारण एक मायक्रोग्रॅम असतं. माणशी महिन्याला पाच किलो म्हणजे महिन्याचे पाच मायक्रोग्रॅम, आणि गरज रोजची दोन-अडीच. समुद्रात नाही, पण घागरीत एक ओंजळ.

उरतो तो शाळेचा पोषण आहार. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने त्यात आठवड्याला एक अंडं देण्याचं ठरवलं. विरोध झाला. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यासाठीचा निधी बंद झाला. द्यायचं तर लोकवर्गणीतून द्या, असं शाळांना सांगण्यात आलं. एका अंड्यात अर्धा मायक्रोग्रॅमच्या आसपास बी-१२ असतं, म्हणजे आठवड्याच्या एका अंड्याने कोणाची कमतरता भरून निघणार नव्हती. तरी त्या खिचडीच्या ताटात बी-१२ चा तोच एक भरवशाचा तुकडा होता. अंडं न खाणाऱ्या मुलांसाठी पर्याय ठरला होता केळं. केळं चांगलंच असतं, पोट भरतं, पोरांना आवडतं. त्यात बी-१२ मात्र नावालाही नसतं. आणि पुण्याच्या त्या ८१ टक्क्यांची नातवंडं बहुतेक केळ्याच्याच रांगेत उभी असतील.